मागच्या खोलीची उंची

१

जॅक दुरुस्तीला का घेतला, याचं खरं कारण मी कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला म्हणालो, हात रिकामे राहतात. मुलाला म्हणालो, डॉक्टरांनीच काहीतरी हाताने करा म्हणून सुचवलंय. दोन्ही गोष्टी खोट्या नव्हत्या. पण खरं असं होतं की वयाच्या शहात्तराव्या वर्षी मी एका परीक्षेची तयारी करत होतो.

झालं होतं ते एवढंच. एका दुपारी वाचनालयातून परतताना मी शेजारच्या घराच्या कुलपात आमची किल्ली घातली आणि दहा मिनिटं त्या कुलपाशी हुज्जत घातली. शेजारणीने आतून दार उघडलं, तेव्हा मी तिला विचारलं, "तुम्ही आमच्या घरात काय करताय?" ती बिचारी हसली. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट मुलाच्या कानावर गेली. मग डॉक्टर. त्यांनी पाच शब्द सांगितले आणि पाव तासाने परत विचारले. मला दोन आठवले. चौतीस वर्षं मी द्रवांचं शास्त्र शिकवलं, माझ्या पुस्तकाच्या सहा आवृत्त्या निघाल्या, आणि मला दोन शब्द आठवले.

"दोन महिन्यांनी परत बघू," मुलगा म्हणाला. "तेव्हाही असंच असेल तर हे घर बंद करायचं. तुम्ही दोघं माझ्याकडे. हट्ट नको, बाबा."

तो गेल्यावर ही बराच वेळ ओटा पुसत राहिली. स्वच्छच होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला सुनेच्या स्वयंपाकघरात पाहुणी म्हणून मरायचं नाहीये. तुम्ही काहीही करा, पण तेवढी परीक्षा पास व्हा."

२

जॅक कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने दिला. तो गॅरेज बंद करत होता. गाडीखाली सरकवायचा, लोखंडी चाकांचा, कमरेएवढ्या लांब दांड्याचा तो जुना हायड्रॉलिक जॅक गंजून काळानिळा झाला होता.

"बसलाय हा, सर. दांडा मारा, नाहीतर नवस बोला, उचलत नाही. भंगारात टाकणार होतो."

"मी आयुष्यभर हाच शिकवलाय."

"मग काय, तुमच्या हातचा मळ!" तो म्हणाला आणि त्याने तो आमच्या फाटकापर्यंत ढकलत आणून दिला. पुढे मीच नेला. स्वयंपाकघरातून नेताना फरशीवर चाकांचे दोन काळे पट्टे उमटले, आणि त्यावर जे ऐकून घ्यायचं ते मी ऐकून घेतलं.

आमची मागची खोली स्वयंपाकघराच्या एक पायरी खाली आहे. मूळ नकाशात तिला सामानाची खोली म्हटलंय. उंची दोन मीटर सत्तर. एक खिडकी, दोरी ओढून लावायचा एक दिवा, आणि खिडकीला लागून मी स्वतः बनवून घेतलेलं लोखंडी टेबल. टेबलाचा माथा मी खिडकीच्या चौकटीशी तंतोतंत एका पातळीत ठेवला होता. लांब फळी कापायची असली की तिचं एक टोक खिडकीतून बाहेर काढता यावं म्हणून. ही एकच गोष्ट मी हयातीत स्वतःच्या अकलेने, पुस्तक न बघता केली होती, म्हणून सांगतो.

रोज दहा ते एक मी तिथे असे. जॅक खोलला, रॉकेलमध्ये भिजवला, पॉलिश पेपरने घासला. आतली रबरी सीलं सुकून वाळक्या सालीसारखी झाली होती, ती नवी आणून बसवली. काय काढलं, कुठून काढलं, कुठे ठेवलं, सगळं वहीत टिपत गेलो. मुलाला दाखवता यावं म्हणून अक्षरसुद्धा सुवाच्य काढत होतो. व्हॉल्व्हमधला पोलादी छर्रा निसटला तेव्हा ही टॉर्च घेऊन खाली आली आणि तिनेच तो कपाटाखालून शोधला.

"एवढ्याशा गोळीवर दोन टनांची गाडी तोलते?"

"गाडी तेलावर तोलते. गोळी फक्त तेलाला मागे फिरू देत नाही."

"म्हणजे माझंच काम की," ती म्हणाली आणि छर्रा माझ्या तळहातावर ठेवून गेली.

३

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता, जॅक चालला.

मी तो टेबलाच्या खिडकीकडच्या आडव्या पट्टीखाली सरकवला आणि दांडा मारायला लागलो. जॅकच्या टोकाची वाटी वर आली, पट्टीला टेकली, दांडा जड झाला. तो जडपणा मला फार आवडला. हजारो विद्यार्थ्यांना मी जो दाब फळ्यावर खडूने काढून दाखवला होता, तो पहिल्यांदा माझ्या खांद्याला लागला. बारा दांडे मारले. टेबलाचे खिडकीकडचे पाय जमिनीपासून नऊ सेंटीमीटर सुटले. टेपने मोजले, वहीत लिहिले.

मग खिडकीकडे पाहिलं. टेबलाचा माथा चौकटीच्या पातळीतच होता.

मी चष्मा पुसला. पाय नऊ सेंटीमीटर अधांतरी होते, हात घालून बघितला, हात आरपार गेला. आणि माथा जिथल्या तिथे. माझी पहिली प्रतिक्रिया भीतीची नव्हती, शरमेची होती. वाटलं, ही चूक पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही करणार नाही. मी काहीतरी साधं विसरतोय.

व्हॉल्व्ह सैल केला. तेल सूं करत परत गेलं, टेबल सावकाश खाली आलं, पाय टेकले. आता माथा चौकटीच्या नऊ सेंटीमीटर खाली होता.

जॅकने टेबल उचललंच नव्हतं. टेबल जागेवर राहिलं होतं आणि फरशी खाली गेली होती. जॅक, मी, कपाट, सगळ्यांना घेऊन.

बाराच्या सुमाराला ही चहा घेऊन आली आणि पायरीवर अडखळली. अर्धा चहा बशीत सांडला.

"अगं बाई! गुडघे गेले हो माझे. एवढीशी पायरी, पण पाय पोचेना." मग वर बघून हसली. दिवा लावायला मी टाचा उंचावून दोरी शोधत होतो. "आणि तुम्ही खुजे व्हायला लागलात. म्हातारपणी माणूस आखडतो म्हणतात, ते खरंच."

मीही हसलो. आखडतो, हे खरं आहे. पण एका सकाळीत नऊ सेंटीमीटर आखडत नाही.

४

एका रीडिंगवरून निष्कर्ष काढायचा नाही, असं मी चौतीस वर्षं मुलांच्या डोक्यात भरवलं. ज्याला एवढी अक्कल नसती, अशा कोणत्याही माणसाने तो जॅक तिथेच सोडून खोलीला कडी घातली असती.

दुसऱ्या दिवशी मी तेच परत केलं. बारा दांडे, नऊ सेंटीमीटर. वळून दाराकडे बघितलं तर पायऱ्या दोन होत्या.

दुसरी पायरी पहिलीसारखीच होती. तोच दगड, तशीच मधोमध झिजलेली कड. तशी झिजायला पन्नास वर्षं तरी पावलं पडावी लागतात. भिंतीत कुठे तडा नव्हता, चुन्याचा रंग सलग होता. मी नकाशा काढून आणला. दोन मीटर सत्तर. टेप लावली, दोन मीटर अठ्ठ्याऐंशी. नकाशा चुकीचा असू शकतो, टेप ताणली गेली असू शकते, आणि मी, ज्याने शेजारणीला तिच्याच घरातून बाहेर काढायचा प्रयत्न केला होता, मी तर नक्कीच चुकीचा असू शकत होतो. कदाचित पायऱ्या आधीपासून दोनच असतील. घर बांधलं त्या दिवसापासून.

तेवढ्यात हिच्या डोळ्याचं ऑपरेशन आलं. उजव्या डोळ्यावर पट्टी, दहा दिवस वाकायचं नाही, पायऱ्या टाळायच्या. डाव्या डोळ्याने ती तशीही अंदाजानेच वावरते. ती पुढच्या खोलीत रेडिओ लावून पडून राही, मी तासातासाला पट्टी सरकवून थेंब घाली, आणि मधल्या वेळात खाली जाई.

मी दहा रीडिंगची एक फेरी घेतली. दर वेळी नऊ. इतकी सुसंगत रीडिंग मला प्रयोगशाळेत कधी मिळाली नव्हती. खोटं कशाला बोलू, त्या आकड्यांचा मला आनंद होत होता. सातव्या-आठव्या वेळी मान वर केली तेव्हा खिडकीची चौकट माझ्या डोळ्यांच्या वर गेली होती आणि उजेड विहिरीत पडतो तसा तिरका पडत होता. पायऱ्या सात झाल्या. मग खात्री करून घ्यायला दुसरी फेरी. तिच्या आठव्या रीडिंगला मी थांबलो, कारण वरून हिची हाक आली आणि ती फार लांबून आली.

"अहो! कुठे आहात?"

"इथेच आहे."

"मग ओ का देत नाही? किती वेळ हाका मारतेय."

वर जाताना मोजल्या. अकरा पायऱ्या होत्या.

५

गॅरेजवाला दोन दिवसांनी आला. जॅकच्या दांड्याची जुनी रबरी मूठ त्याला कुठल्याशा डब्यात सापडली होती. मागची खोली त्याने कधी पाहिली नव्हती. मी त्याला खाली नेलं. तो पुढे, मी मागे. मी त्याच्या पाठीकडे बघत होतो. तो एक हात भिंतीला लावून शांतपणे उतरला, खाली पोचल्यावर त्याने वर बघितलं आणि शीळ घातली.

"तळघर झकास आहे, सर. थंडगार."

"तळघर म्हणालात?"

"मग काय म्हणायचं?" तो जॅकपाशी बसला, दांडा हलवून बघितला. "वा! लोण्यासारखा चालतोय. मास्तर लोकांनी गॅरेज काढलं तर आम्ही उपाशी मरू."

"दांडा मारू नका," मी म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो. त्याने हात काढून घेतला.

"आपण उतरलो त्या पायऱ्या किती होत्या हो?"

"मोजल्या नाहीत बुवा. का, कोणी पडलं की काय?"

आणखी एक प्रश्न विचारला असता तर उलगडा झाला असता. दाराकडे वळून मोजा, एवढंच म्हणायचं होतं. पण त्याने मोजून 'एकच तर आहे, सर' म्हटलं असतं तर? तळघर हा शब्द माणूस सैलपणाने वापरतो. एक पायरी उतरून गारवा लागला तरी तळघर म्हणतो. न विचारता राहिलं तर दोन्ही शक्यता जिवंत राहतात, आणि मला त्या दोन्हींपैकी एकही नको होती. मी त्याला मुठीबद्दल धन्यवाद दिले. वर पोचेपर्यंत त्याला धाप लागली होती. पण तो जाडाही आहे.

६

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी मी जॅक पुन्हा खोलला. तेल काचेच्या मापात काढलं. पिस्टन, स्प्रिंगा, सीलं आणि तो छर्रा वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. सुटे भाग कोणालाही खाली ढकलू शकत नाहीत. आता जे झालं ते एवढ्यावर थांबेल, आणि मग कधीतरी सावकाश, मुलगा परत गेला की, मी हिला काहीतरी सांगेन. तोवर 'तेल सांडलंय, तिकडे जाऊ नकोस' एवढं बस होतं.

वहीत तारीख घातली आणि पेन खाली ठेवलं.

पायांखालून आवाज आला. लोखंडाचा, करकरणारा, आणि मग क्षणभर काही नाही. पुन्हा तसाच. मी तो आवाज ओळखत होतो; गेले पंधरा दिवस तो माझ्याच हातातून निघत होता. कोणीतरी दांडा मारत होतं. मी खुर्चीवरून उतरून फरशीला कान लावला. फरशी कोमट होती.

बारा दांडे झाले.

मग शांतता. ती शांतता केवढी होती हे मला नेमकं सांगता येतं, कारण तीही माझीच होती. टेप लावायला, चष्मा सारखा करून आकडा वाचायला आणि तो सुवाच्य अक्षरात टिपून ठेवायला जेवढा वेळ लागतो तेवढी. त्यानंतर सूं करत तेल परत गेलं.

आणि पुन्हा पहिला दांडा.

माझा जॅक वर्तमानपत्रावर सुटा पडला होता. खाली जो कोणी होता तो घाईत नव्हता. तो फेरी पूर्ण करणारा माणूस होता. माझ्या वयाचा असावा, कारण आठव्या-नवव्या दांड्याला त्याचाही खांदा थकत होता आणि मधली जागा लांबत होती.

मी वही तिथेच टाकून वर आलो. येताना पायऱ्या मोजल्या नाहीत. मुद्दाम मोजल्या नाहीत. दाराला कडी घातली आणि हिच्या डोळ्यात दुपारचे थेंब घातले.

"थेंब गालावर का घालताय?" तिने विचारलं.

"उद्या परीक्षा ना."

"इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घेतल्यात," ती म्हणाली आणि डोळा मिटल्या मिटल्या माझा हात दाबला. "एक तुम्हाला द्यायला काय होतंय?"

७

मुलगा सकाळी दहालाच आला. डॉक्टरांनी दिलेला कागद त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. घरातल्या माणसाने घरात विचारायचे प्रश्न होते. म्हातारा दवाखान्यात बुजतो, घरी खरा कळतो, असा त्यामागचा विचार असावा. तो माझ्यासमोर बसला. ही त्याच्या मागे, ओट्याला टेकून उभी होती. पट्टी अजून होतीच.

"मध्ये उठायचं नाही, बाबा. आणि आई, तू काही सांगायचं नाहीस."

"मी कशाला सांगतेय?"

तारीख बरोबर आली. वार बरोबर आला. सुनेचं माहेरचं नाव बरोबर आलं. मुलाच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून जात होत्या. तोही घाबरलेला होता, हे मला तेव्हा कळलं.

"आता घरातलं विचारतो. पाणी बंद करायची तोटी कुठे आहे?"

सांगितलं.

"मागच्या खोलीला पायऱ्या किती?"

मी कडी घातलेल्या दाराकडे बघितलं. मुलाने मान वर केली. त्याचं बालपण या घरात गेलं होतं, उत्तर त्याला पाठ होतं. त्याच्या खांद्यामागे ही उभी होती आणि तिने पदराआडून हळूच एक बोट वर केलं. वर्गात कॉपी पुरवणाऱ्या मुलीसारखं. उघड्या डोळ्यात केवढी आर्जवं होती.

मी म्हणू शकत होतो, चल, तू स्वतः मोज. मुलगा उठला असता. मोजल्या असत्या. काय सापडलं असतं ते सापडलं असतं.

"एक," मी म्हणालो.

मुलाने खूण केली. तिचा श्वास सुटलेला मला ऐकू आला.

"बघ, मी म्हणत नव्हते?" ती म्हणाली. "थांब, यांची वही दाखवते तुला. काय सुरेख लिहून ठेवलंय सगळं. चमकून जाशील."

"मी आणतो," मी उठलो.

"बाबा, बसा. उठायचं नाही म्हटलं ना."

"अगं, तेल सांडलंय तिथे. तुझा डोळा..."

"जपून जाते हो. एक तर पायरी." कडी सरकली. "तुम्ही पेपर सोडवा."

"शंभरातून सात वजा करत या," मुलगा म्हणाला.

तिच्या चपलेचा आवाज आला. एक.

"त्र्याण्णव," मी म्हणालो.

दुसरा आला. ती थांबली नाही, ओरडली नाही. गुडघे दुखणारी बाई उतरते तशी, दर पायरीवर दोन्ही पाय टेकवत ती उतरत होती, जणू तिथे नेहमीच एवढ्या पायऱ्या होत्या.

"शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर. पासष्ट."

"पाच बास," मुलगा म्हणाला. "इथे पाचच लिहिलेत."

थांबलो असतो तर ऐकावं लागलं असतं. "अठ्ठावन्न. एक्कावन्न. चव्वेचाळीस."

अकरावी गेली. मला ठाऊक असलेली शेवटची. चपला वाजतच होत्या, एकसारख्या अंतराने, दर वेळी थोड्या अधिक बारीक. आणि त्यांच्याही खाली, फार खाली, करकर झाली आणि थांबली. आकडा टिपायला कोणीतरी थांबलं होतं.

"सदतीस. तीस. तेवीस. सोळा. नऊ. दोन."

मुलगा माझ्याकडे बघत होता. त्याचे डोळे भरून आले होते. "एकही चुकली नाही, बाबा. मला जमलं नसतं." त्याने मागे वळून हाक मारली, "आई! पास झाले बाबा! घर कुठे जात नाही तुमचं!"

"ऐकलं, ऐकलं," तिचा आवाज आला. आनंदी होता, आणि इतका लांबचा की मुलगा म्हणाला, "आईचा आवाज किती बसलाय," आणि त्याने कागदावर सही केली.

मी टेबलाच्या कडेला दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. ती अजून उतरत होती.